गाण्यातलं बांधावर

कार्तिक लागला की माझं बोलणं कमी होतं. घरात सगळ्यांना वाटतं, थंडीने हिचे गुडघे धरले असणार. सून गरम पाण्याची पिशवी आणून देते आणि मी ती मुकाट्याने घेते. गुडघे दुखतातच, खोटं कशाला बोलू? पण गप्प होण्याचं कारण गुडघ्यांत नाही. ते माझ्या माहेराहून, रिह्याहून, गोणीत भरून येतं.

माझा भाचा दर वर्षी कापणी-झोडणी उरकली की नव्या आंबेमोहोराची एक गोणी इथे बावधनला आणून टाकतो. चहा घेतो, मोबाइल बघतो, जातो. त्या दिवशी मी हट्टाने नव्या तांदळाचा भात लावते. नवा तांदूळ गिचका होतो, हे काय मला ठाऊक नाही? मुलगा ताटातला भात चिवडत म्हणतो, "आई, जरा जुना होऊ दे की." होऊ देईन. पण जुना झाल्यावर तो वास राहत नाही. झाकण काढलं की वाफेबरोबर जो वास वर येतो, त्यात आमचं खाचर असतं, सकाळचं दव असतं, अंगाला लागलेली पेंढ्याची खाज असते आणि कौसा असते. कौसा म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्या काकांची, तात्यांची, थोरली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. आज असती तर तीही म्हातारी झाली असती आणि आम्ही दोघींनी बसून गुडघ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या असत्या.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. 'साहित्याचे मुख्य प्रकार' हा भाग दर वर्षी असायचाच. मी फळ्यावर एक झाड काढायची. एक फांदी काव्याची, एक कथेची, एक कादंबरीची, एक नाटकाची, एक निबंधाची. मुलांना ते झाड फार आवडायचं, कारण ते उतरवून घेईपर्यंत तास संपायचा. काव्याच्या फांदीला लोकगीताची डहाळी काढायची, तिला ओवी, पाळणा, भलरी अशी पानं. भलरीपाशी माझा खडू थांबायचा. मुलांना वाटायचं, बाईंना पुढचं आठवत नाही. मी हात झटकायची आणि नाटकाकडे वळायची.

प्रकार सांगताना मी एक गोष्ट मुलांना नेहमी सांगत असे, आणि ती पुस्तकात नव्हती. म्हणायची, बाळांनो, प्रकार हा लिहिणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. समोरचं किती खरं धरायचं, हे त्याला आधीच कळावं म्हणून. नाटकात माणूस मेला तर आपण वैद्याला बोलवायला धावत नाही. कहाणीतली राणी रानात हाकलली गेली म्हणून कुणी कंदील घेऊन शोधायला निघत नाही. आपण बसल्या जागी हळहळतो, डोळे पुसतो, आणि घरी जाऊन जेवतो. मुलं हसायची. त्यांनी हसावं म्हणूनच मी ते तसं सांगायची.

मला हे प्रकार पहिल्यांदा शिकवले ते आमच्या गुरुजींनी. मी सातवीला होते. देशाला स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. शाळा भैरोबाच्या देवळात भरायची, त्यामुळे मध्येच कुणी नारळ फोडायला आलं की आम्ही पाटी बाजूला ठेवून खोबऱ्याची वाट बघायचो. गुरुजी अंगाने किरकोळ, पुण्याचे, आमचा पाऊस आणि आमची भाषा या दोन्हींनी हैराण झालेले. पण शिकवायला लागले की देवळाबाहेर माणसं उभी राहून ऐकत. प्रकार शिकवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यांतलं तुमच्या घरी काय काय आहे?" आमच्या घरात विळे होते, कणगी होती, शेळ्या होत्या. साहित्य कुठून असणार? गुरुजी म्हणाले, "नीट बघा. सगळं असेल."

मी घरी येऊन खरोखरच बघत सुटले. मला असल्या गोष्टींचा फार सोस. दळताना आई ओव्या म्हणायची, ते काव्य. श्रावणात काकू हातात तांदूळ घेऊन कहाणी सांगायची, ती कथा. जत्रेला वग व्हायचा, ते नाटक. तात्या पारावर बसून सरकारने काय करायला पाहिजे ते सांगत, तो निबंध, आणि तो रोजचा असल्यामुळे कुणी ऐकत नसे. कादंबरी तेवढी गावात सापडली नाही. एवढं लांबलचक बोलायला कुणाला सवडच नव्हती. आणि भलरी? ती कुठे टाकावी कळेना. गुरुजी म्हणाले, "लोकगीत. काव्यात टाक." मी टाकली. दिवाळी तोंडावर आली होती आणि खाचरं पिवळी पडायला लागली होती.

आमच्याकडे कापणी सावडीने व्हायची. म्हणजे आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे आमच्यात. सकाळी दवाने लुगडी गुडघ्यापर्यंत भिजायची, बोटं गारठून विळा धरवायचा नाही. कुणी बोलायचं नाही. सूर्य डोंगराच्या वर आला, पाठ जरा शेकली, की मग रांगेतल्या बायकांतली कुणीतरी एक ओळ उचलायची आणि बाकीच्या ती झेलायच्या. उचलणारीने ओळ जुळवायची, झेलणाऱ्यांनी ती तशीच्या तशी परत म्हणायची, आणि तेवढ्यात उचलणारीला पुढची सुचायला वेळ मिळायचा. विळ्याच्या तालावर चालायचं सगळं. पेंढ्या बांधणारे गडीसुद्धा शेवटचा हेल धरायचे. ही भलरी. कापणी संपली की भलरी संपली. एरवी घरात बसून कुणी ती म्हणत नसे. म्हटली तर वेडं ठरवलं असतं.

आणि भलरीचा एक नेम होता. गाण्यातलं बांधावर, असं म्हणायचे. म्हणजे गाण्यात कुणी काहीही बोललं तरी घरी जाताना ते खाचराच्या बांधावर सोडून जायचं. राग धरायचा नाही, जाब विचारायचा नाही, विषयसुद्धा काढायचा नाही. आमच्या शेजारची एक सून होती. तिच्या सासूने तुपाचा गडवा धान्याच्या कणगीत लपवला होता. सुनेने तो सासूसमोर, अख्ख्या रांगेत, गाण्यात काढला. सासू रांगेतच होती. तिने ती ओळ इतर बायकांबरोबर झेलली, खणखणीत आवाजात. घरी गेल्यावर गडव्याचं नाव दोघींनी काढलं नाही. गडवा कणगीतच राहिला. मला तेव्हा हा नेम फार छान वाटायचा. माणसांनी एकमेकांना सगळं सांगून टाकण्याची एवढी शहाणी सोय दुसरीकडे कुठे मिळणार? ऐकून घेणाऱ्यालाही काही करावं लागत नाही, ही त्या सोयीची दुसरी बाजू तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती.

त्या साली ओळी उचलायचा मान कौसाकडे आला. खरं तर तो मान पिकल्या केसांच्या बायकांचा. पण कौसाला जे सुचायचं ते कुणालाच सुचायचं नाही. आवाज काही गोड नव्हता तिचा, जरा घोगराच. चौथीतून तिला काढलं होतं, कारण धाकटी शालन पाळण्यात होती आणि काकूला शेतात जायचं असे. शाळा सुटल्याचं तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. मात्र मी घरी आले की "आज काय शिकीवलं?" हे विचारल्याशिवाय मला पाणीसुद्धा पिऊ द्यायची नाही.

दसऱ्याच्या सुमारास तिची सोयरीक ठरली. मुलगा धरणाच्या पाण्यापलीकडचा. बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, ऐन पावसाळ्यात, होडी सुटेना म्हणून. घर चांगलं होतं, माणसं सरळ होती, हुंड्याबिंड्याची गोष्ट नव्हती. तात्यांनी शब्द दिला. कौसाने ते गाव पाहिलेलं होतं. कुणाच्या तरी लग्नाला ती काकूबरोबर होडीतून गेली होती, आणि वाटेत बरोबरच्या बायका पाण्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, हितं खाली आमचं देऊळ, हितं खाली आमचं आंगण. परत आल्यावर कौसा मला म्हणाली होती, "सुमे, समदं पान्याखाली हाय, आन बाया सांगताना हसत हुत्या." पाण्याची तिला भीती बसली ती तेव्हापासून.

पहिल्या दिवशी कापणी तात्यांच्याच खाचरात होती. ऊन वर आलं आणि कौसाने ओळ उचलली.

पान्याच्या पल्याड गाव, तितनं येईना गं हाक,
दावनीला गाय जशी, बाबा, मला तशी राख.

बायकांनी झेलली. लग्न ठरलेल्या पोरीने असं काही म्हणायचंच असतं. माहेर तुटतं, बाप परका होतो, माझी पाठवणी करू नका. सगळ्या पोरी म्हणतात. न म्हणणारीला लोक नावं ठेवतात, की बघा हिला किती घाई झालीय. त्यामुळे बायका खूश झाल्या. काकूने तर पदराने डोळे पुसत झेलली.

दुपारी आम्ही दोघी ओढ्यावर विळे धुवायला गेलो. मी तिला प्रकार सांगत होते. काव्य, कथा, नाटक, सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"आन आपली भलरी?" तिने विचारलं.

"लोकगीत. काव्यात जातं ते."

"आन समज, एखांदीला खरंच कायतरी सांगायचं आसलं. गानं म्हनून न्हाई, कहानी म्हनून न्हाई. मंग त्ये कशात जातं?"

मी विचार केला. निबंधात माणूस आपल्या मनातलं मांडतो, असं गुरुजींनी सांगितलं होतं. "निबंधात," मी म्हणाले.

"त्यो मला येत न्हाई," कौसा म्हणाली, आणि विळा वाळूने घासायला लागली.

पुढचे दिवस सावड या खाचरातून त्या खाचरात फिरत राहिली. कौसा रोज काहीतरी नवीन उचलायची. एक दिवस तिने होडीवाल्यालाच धरलं.

होडीवाल्या दादा, तुजी होडी व्हावी भोकाची,
वऱ्हाडाची वाट बघून जिरू दे हौस लोकांची.

हसून हसून बायकांना कापता येईना. एकीने तर विळा टाकून पोट धरलं. गड्यांनी पलीकडून शिट्टी मारली. तात्या भारा उचलत होते, तेही हसले, आणि शेजारच्या गड्याला म्हणाले, "आमची कौसा हाय बरं का ती." किती कौतुक होतं त्यांच्या आवाजात. तात्यांना मुलगा नव्हता, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं, कारण त्यांना कौसा होती. मी हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढचं वाचून कुणी तात्यांना दुष्ट ठरवू नये. ही मुलगी खरंच जायला तयार नाही, एवढं जर त्या माणसाला कळलं असतं, तर त्याने दिलेला शब्द मोडून, भावकीच्या शिव्या खाऊन, तिला घरी ठेवून घेतलं असतं. हे मी पन्नासवर वर्षं मनात घोळवलंय आणि मला अजूनही तसंच वाटतं.

मग आमच्या खाचराची पाळी आली. त्या दिवशी ती बराच वेळ काही म्हणालीच नाही. बायका म्हणाल्या, "कौसे, उचल की." ती कापत राहिली. मग मान वर न करता तिने म्हटलं,

पयलीची जोडवी माझ्या घालू नका पायी,
तिचा कुटं गेला जीव, कुनी इचारलं न्हाई.

क्षणभर कुणी झेललं नाही. विळ्यांचा करकर आवाज तेवढा ऐकू येत होता. मी कौसाच्या शेजारीच कापत होते, तिची मान मला दिसत होती. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. तेवढ्यात रांगेच्या टोकाला असलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "काय जुळीवलंय गं पोरीनं, काळीज कापलं," आणि तिने ती ओळ झेलली. तिच्यामागून सगळ्यांनी झेलली. काकूचा आवाज सगळ्यांच्या वर होता. लेकीच्या अभिमानाने भरून आलेला आवाज. मला तो अजून ऐकू येतो.

किती चांगलं म्हणत होती ती, तेच तिच्या मुळावर आलं. ओबडधोबड काही बोलली असती, अडखळली असती, रडून गोंधळ घातला असता तर कदाचित कुणी थांबून बघितलं असतं. पण तिची ओळ दर वेळी आणखी खरी व्हायची, आणि जितकी खरी तितकी बायकांना ती सुंदर वाटायची.

संध्याकाळी मी आईला चुलीपाशी गाठलं.

"आई, कौसाला तितं जायचं न्हाई."

"कोन म्हनलं?"

"तीच म्हनली. गान्यात."

आईने भाकरी थापायची थांबवली नाही. "गान्यात समद्याच पोरी म्हनत्यात. त्ये खरं धराया लागलो तर एक बी पोर सासरी जायची न्हाई. आन गान्यातलं घरात आनू नगंस. बांधावर टाकून यावं त्ये."

यात आईचं काही चुकलं असं तेव्हा मला वाटलं नाही. नेम तो नेम. तिच्या आईने तिला सांगितला, तिने मला.

एकदा मात्र कौसाने गाण्याशिवाय सांगून बघितलं. तात्या बांधावर न्याहारीला बसले होते, ती भाकरी घेऊन गेली. मी पाण्याची कळशी घेऊन मागे होते. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "तात्या, मला तितं न्हाई जायचं."

साधं वाक्य. ना यमक, ना हेल. तात्यांनी तिच्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरले, आणि ते हसले. "व्हय गं माजी वाघीन," ते म्हणाले. "पर हितं कशाला? रांगंत जा आन म्हन. बाया वाट बघत्यात तुजी." आणि त्यांनी आपल्या भाकरीतला चतकोर मोडून तिच्या हातावर ठेवला.

कौसाने तो खाल्ला. मग उठून रांगेत गेली. त्यानंतर त्या हंगामात तिने फक्त जुन्याच, सगळ्यांना येणाऱ्या ओळी उचलल्या. बायका थोड्या हिरमुसल्या.

मला राहून राहून वाटतं, आपल्या भाषेत मुलीला 'नको' म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती असं नाही. जागा होती. चांगली सजवलेली, सगळ्यांनी जपलेली जागा होती. दर वर्षी तिथे गाणं व्हायचं. पण त्या जागेत उभं राहून म्हटलेलं 'नको' हे कुणालाच 'नको' म्हणून ऐकू येत नव्हतं, आणि एकदा तिथे उभं राहिलेल्या मुलीचं बाहेर येऊन बोललेलंसुद्धा लोकांना गाणंच वाटायचं. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. झाडाच्या कुठल्या फांदीवर लिहिणार?

माघात लग्न झालं. होडीला भोक पडलं नाही. पाणी अगदी शांत होतं, आरशासारखं म्हणतात तसं, आणि काठावरून हात हलवून आम्ही परत आलो. पुढच्या दसऱ्याला ती माहेरी आली तेव्हा बरी दिसत होती. नवऱ्याबद्दल काही वाईट बोलली नाही. तो खरंच वाईट माणूस नव्हता. जोडवी मात्र जुनीच होती. मी बघितली. ती म्हणाली, "नवी घडवायची म्हनत्यात, पर सवड न्हाई." कापणीला दोन दिवस आमच्यात आली, पण ओळ उचलली नाही. बायकांनी आग्रह केला तर म्हणाली, "आता काय उचलू? झालं की."

त्यानंतरच्या आषाढात ती गेली. पहिलंच बाळंतपण. मूल आडवं आलं. त्या गावच्या सुईणीने तिला येत होतं ते सगळं केलं. नवऱ्याने चौघांना घेऊन तिला घोंगडीत घालून, भर पावसात डोंगर उतरून काठावर आणलं. पाण्याला उधाण होतं, समोरचा काठ दिसत नव्हता. होडी सुटेना. ती तिथेच, काठावरच, गेली. हे त्यानेच येऊन सांगितलं, पाणी उतरल्यावर. सांगताना तो तात्यांच्या पायाशी बसला होता. दुसऱ्यांदा त्याच काठावर बसलेला माणूस. त्याच्यावर रागवायचं तरी काय? त्याचाही घात त्या पाण्यानेच केला होता, जसा तिचा केला.

आमच्याकडे बायका रडतात तेही शब्दांनी. गेलेल्या माणसाचे गुण आठवत, हेल काढत, एकेक ओळ जुळवत. कुणी एक रडायला लागते आणि बाकीच्या तिला साथ देतात. काकू या रडण्यात गावात पहिली. कुणाच्याही घरी काही झालं की काकूची वाट बघत. ती आली आणि तिने पहिला हेल काढला की दगड झालेल्या माणसालाही रडू फुटायचं. आता बायका तिच्याभोवती जमल्या आणि थांबल्या. काकूच्या तोंडून ओळ फुटेना. तिने नुसतं जावयाला विचारलं, "पानी कवा वसरलं?" त्याने सांगितलं. तिने थोड्या वेळाने परत विचारलं, "होडी कवा सुटली?" त्याने सांगितलं. मग पुन्हा पाण्याचं. दिवसभर ती हेच विचारत राहिली. बायका एकमेकींना म्हणाल्या, हिला रडता येईना. मला वाटतं, तेव्हा पहिल्यांदाच ती रडत होती.

तात्या त्यानंतर पारावर बसेनासे झाले. सरकारने काय करावं हे गावाला कुणी सांगेना.

कापणी दर वर्षी आली. भात काही कुणासाठी थांबत नाही, आणि गाण्याशिवाय कंबरही चालत नाही, त्यामुळे बायका म्हणायच्या. काकू रांगेत नसायची. ती एका कडेला गड्यांबरोबर पेंढ्या बांधायची. तिला कुणी झेलायला बोलावलं नाही. मी पुण्याला ट्रेनिंगला गेले. कविता, कथा, नाटक, सगळ्यांच्या व्याख्या पाठ केल्या, चांगले मार्क मिळवले. दिवाळीच्या सुट्टीत घरी यायची, रांगेत उभी राहायची आणि इतरांची ओळ झेलायची. कौसाच्या ओळी पुन्हा कुणी म्हटल्या नाहीत.

मग शालन मोठी झाली. तेव्हा पाळण्यात असलेली, जिच्यामुळे कौसाची शाळा सुटली ती. मला नोकरी लागून काही वर्षं झाली होती, त्या दिवाळीला मी घरीच होते. शालनची सोयरीक नांद्याच्या मुलाशी ठरली होती. नांदं काही लांब नाही, मधे पाणी नाही, सकाळी निघालं तर न्याहारीला माणूस परत येतं. मुलगा तिच्याच वयाला शोभेल असा. बघायला आला तेव्हा शालन दाराआडून त्याच्याकडे बघून हसली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सगळं व्यवस्थित होतं.

कापणी तात्यांच्या खाचरात होती. ऊन वर आलं. बायकांनी शालनला डिवचलं, नवरी हाय तू, तू उचल. ती लाजली. मग तिने उचलली, अशीच साधी, सगळ्या पोरी म्हणतात तशी ओळ. नका धाडू मला, आई, अंगण सुनं होईल, असं काहीतरी. बायका झेलायला सरसावल्या.

काकू कडेला पेंढी बांधत होती. ती उठली. हातातला बंध तिथेच टाकला आणि रांगेच्या समोरून, उभ्या भातातून, भात तुडवत चालत आली. आमच्यात उभं भात कुणी तुडवत नाही. सगळ्यांचे विळे थांबले. काकू शालनसमोर उभी राहिली आणि तिने तिचे दोन्ही दंड धरले.

"खरं म्हनतीस का?"

शालनला काही कळेना. "काय गं आये?"

"आत्ता म्हनलीस त्ये. खरं म्हनतीस का गानं? सांग मला. न्हाई जायाचं तर न्हाई धाडायची. मी बघते कोन न्हेतंय तुला."

भलरीत असा सवाल कुणी कधी ऐकला नव्हता. एक म्हातारी पुटपुटली, "अगं, गान्यातलं..." आणि पुढचं तिलाच म्हणवेना. शालनने आईच्या तोंडाकडे बघितलं. ती घाबरली होती, पण तिला थोडं हसूही येत होतं. खाली बघून ती हळू आवाजात म्हणाली, "न्हाई गं आये. नुस्तं गानं हाय. मला जायाचं हाय."

"खरं?"

"व्हय. आवाडलाय मला त्यो."

काकूने तिचे दंड सोडले. मान हलवली. "बरं," म्हणाली. "बरं झालं." ती माघारी वळली आणि दोन पावलं गेल्यावर त्या तुडवलेल्या भातात खाली बसली. माझी आई धावत तिच्याजवळ गेली. काकू आईकडे न बघता समोर कापलेल्या खाचराकडे बघत होती.

"हिला इचारलं गं मी, अक्का," ती म्हणाली. "हिला इचारलं."